एकाच बांधीत लाखोळी आणि जवस

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यात धान पिवळं पडायला लागतं. साकोली, लाखनी, पवनी, लाखांदूर, कुठंही जा. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी आटत आलेलं असतं, पण चिखल अजून पायाला धरून ठेवतो. अशा वेळी एखादा शेतकरी धुऱ्यावरून उभ्या धानात उतरतो, काखेतल्या टोपलीतलं बी मुठीत घेतो आणि लोंब्यांच्या वरून फेकत पुढं सरकतो. नांगर नाही, वखर नाही, खत नाही, वेगळं पाणी नाही. पंधरा दिवसांनी विळा चालतो, धान कापलं जातं, आणि धसकटांमधून नवं पीक डोकं वर काढतं. याला उतेरा म्हणतात. उतेऱ्यात प्रामुख्यानं दोन बिया पडत आल्या: लाखोळी आणि जवस. लाखोळी या कडधान्याला झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, लाखोरी म्हणतात, पलीकडे छत्तीसगडात तिवडा, उत्तरेत खेसारी. पौष महिन्यात दोन्ही फुलतात आणि दोन्हींच्या फुलांत निळी छटा असते. धुऱ्यावर उभं राहून पाहिलं तर एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते पटकन कळत नाही.

या दोन बियांपैकी एकीनं माणसांचे पाय लुळे केले म्हणून सरकारनं तिच्यावर बंदी आणली. दुसरीचं तेल पुण्यात लक्ष न लागणाऱ्या मुलांना पाजून पाहिलं गेलं. आज औषधाच्या दुकानात ‘मुलाचं लक्ष वाढवणाऱ्या’ गोळ्या आणि सरबतं रांगेनं मांडलेली असतात. आई-बाप विचारतात, ‘आमचा पोट्टा एका जागी बसतच नाही, याला काय द्यावं?’ या प्रश्नाचा इतिहास लंडन-अमेरिकेतून सांगता येतो, तसाच तो या बांधीतूनही सांगता येतो. मला दुसरी वाट जास्त खरी वाटते. खाणं मेंदूवर आणि मज्जातंतूंवर काय करतं, याचा सगळ्यात कठोर धडा धानपट्ट्यातल्या आणि त्याच्या शेजारच्या गरिबांनी गिरवलेला आहे.

ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून ओळखला जाणारा इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन 1844 साली छापलेल्या आपल्या आठवणींत सागर भागातली एक हकिकत देतो. 1829 साली गारपिटीनं गहू झोडपला गेला. पुढच्या वर्षी पाऊस आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी रोग पडला. तिन्ही वर्षं शेतात टिकून राहिली ती एकटी लाखोळी. लोकांनी तीच खाल्ली. सकाळी तीच, संध्याकाळी तीच, आणि दुसरं काही नव्हतंच. 1833 पासून गावातल्या तरुणांचे कंबरेखालचे अवयव अचानक निकामी होऊ लागले. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठताना पडायचा. एका गावातली जवळपास निम्मी तरुण मुलं-मुली दोन वर्षांत या दुखण्यानं पांगळी झाली, असं स्लीमननं लिहून ठेवलं आहे. दुखत नाही, ताप येत नाही, बुद्धीला काही होत नाही. फक्त पाय आखडतात, टाचा उचलल्या जातात, आणि माणूस चवड्यांवर कात्रीसारखे पाय टाकत चालायला लागतो.

स्वातंत्र्यानंतर विंध्य प्रदेशातल्या रेवा-सतना भागात हेच दुखणं हजारोंच्या संख्येनं समोर आलं. तिथल्या डॉक्टरांनी रोग्यांची वर्गवारी केली ती काठ्यांवरून: आधी बिनकाठीचा, मग एका काठीचा, मग दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. वैद्यकशास्त्रातली इतकी स्पष्ट आणि इतकी क्रूर परिभाषा मी दुसरीकडे वाचलेली नाही. रोगी कोण होते? बहुतेक सालदार, बांधील मजूर. मजुरी त्यांना धान्यात मिळे आणि मालक देत ती लाखोळी. गहू-हरभरा विकायला, लाखोळी गड्याला.

यातलं विष कोणतं हे 1964 साली कळलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आदिगा, राव आणि शर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याच सुमारास दिल्लीतही ते सापडलं. त्याचं लांबलचक नाव आखडून ओडॅप म्हणतात. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. ओडॅप त्याचा सोंगाड्या आहे. तो खऱ्या निरोप्याच्या जागी जाऊन बसतो आणि पेशीला ‘चल, चल’ असं म्हणतच राहतो. पायांच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी या सततच्या हुकमानं थकून मरतात. (हाच ओडॅप चिनी औषधशास्त्रातल्या सांची नावाच्या मुळीत आहे आणि तिथं तो रक्तस्राव थांबवणारा गुणकारी पदार्थ म्हणून ओळखला जातो. एकाच रेणूची दोन देशांत दोन चारित्र्यं.)

पण रेणू सापडला म्हणून गोष्ट संपत नाही, उलट इथंच ती गुंतते. लाखोळी भंडाऱ्यात पिढ्यान् पिढ्या खाल्ली जात होती. तिचं वरण होतं, वडे होतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी तर हिवाळ्यातली चैन, आणि उरलेली वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवलेली. मग रेव्यात जे झालं ते इथं घरोघरी का दिसत नव्हतं? उत्तर प्रमाणात आहे. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळीच असली आणि हे दोन-तीन महिने अखंड चाललं, की धोका सुरू होतो. भाताबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्याचं असं होत नाही. डाळ भिजवून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तर ओडॅपचा मोठा भाग निघून जातो, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं साठच्या दशकातच दाखवलं होतं. इथिओपियात, जिथं हे दुखणं अलीकडेपर्यंत होतं, तिथल्या पाहणीत लाखोळीबरोबर कांदा, लसूण, आलं खाणाऱ्या घरांत धोका कमी दिसला. विष दाण्यात होतंच, पण पांगळं करण्याचं काम रिकाम्या ताटानं केलं. ज्याच्या ताटात दुसरं काही होतं तो चालत राहिला.

सरकारनं 1961 साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांखाली लाखोळीच्या विक्रीला मनाई केली आणि अंमल राज्यांवर सोपवला. मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल यांनी तो केला नाही. ज्या मुलखात माणसं खरोखर सरपटत होती तिथं डाळ बाजारात, आणि महाराष्ट्रात मात्र बंदी. बंदी विकण्यावर होती, पेरण्यावर आणि खाण्यावर नव्हती. म्हणजे भंडाऱ्याचा शेतकरी लाखोळी पिकवू शकत होता, स्वतःच्या पोराला खाऊ घालू शकत होता, फक्त राजरोस विकून चार पैसे करू शकत नव्हता. माल चोरवाटेनं पलीकडे जायचा आणि बेसनात, तुरीच्या डाळीत मिसळून पुन्हा इकडे यायचा. धोका ज्याला होता त्याचं या कायद्यानं काहीच राखलं नाही. राखली ती शहरातल्या ग्राहकाची समजूत.

या बंदीविरुद्ध नागपुरातून एक माणूस वर्षानुवर्षं भांडत राहिला. शांतिलाल कोठारी हे त्यांचं नाव आणि अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही त्यांची संस्था. त्यांनी निवेदनं दिली, उपोषणं केली, लाखोळी ही गरिबाची प्रथिनं आहेत असं ज्याला त्याला सांगितलं. सरकारी समित्या बसल्या, उठल्या. अखेर 2008 साली महाराष्ट्रानं राज्यातली बंदी मागे घेतली. तोवर शास्त्रज्ञांनी कमी ओडॅपची वाणं काढली होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं ‘रतन’, रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचं ‘प्रतीक’ आणि मग ‘महातिवडा’. यांतला ओडॅप 0.1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली. कोठारींचं सगळंच मला पटतं असं नाही. त्यांची दुसरी लढाई पुढे येईलच. पण एका गोष्टीबद्दल त्यांना मानलं पाहिजे: पोषणाचा प्रश्न प्रयोगशाळेतून उचलून त्यांनी रस्त्यावर आणला.

आता दुसऱ्या बीकडे.

जवस हे झाडीपट्टीचं जुनं तेलबी. गावच्या घाणीवर तेल निघे आणि ते स्वयंपाकात वापरलं जाई. आता ही चव बहुतेक घरांतून गेली, सोयाबीन आणि पामतेलानं ती पुसून टाकली. राहिली ती चटणी. तव्यावर जवस तडतडेपर्यंत भाजायचे, सुकी मिरची, लसूण, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. तळाशी तेल सुटायला लागलं की हात थांबवायचा. या तेलाचा निम्म्याहून जास्त भाग अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतो. ओमेगा-3 घराण्यातलं हे थोरलं भावंड, वनस्पतीतून मिळणारं. धाकटी दोन, ईपीए आणि डीएचए, माशांत असतात. मेंदूच्या पेशींच्या पडद्यांत मोठा वाटा डीएचएचा असतो. आपलं शरीर थोरल्यापासून धाकटी बनवू शकतं, पण फार कंजूषपणे.

या आम्लांचा आणि चंचल मुलांचा संबंध जोडला तो एका प्रयोगशाळेनं नव्हे, आयांनी. इंग्लंडमध्ये सॅली बंडे या बाईंनी 1977 साली अतिचंचल मुलांच्या पालकांचा एक गट उभा केला होता. गटातल्या आयांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार यायची: आमच्या मुलांना तहान फार लागते. तहान, कोरडी त्वचा, इसब. ही तर आवश्यक मेदाम्लांच्या कमतरतेची लक्षणं. 1981 साली बंडे आणि कॉल्कहून यांनी हा तर्क एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला. 1995 साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात अशा मुलांचं रक्त तपासलं गेलं आणि त्यांच्यात ही आम्लं खरोखर कमी आढळली. कमी असणं हे कारण, की दुसऱ्याच कशाचा परिणाम, हे मात्र रक्त सांगत नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत वेगळीच धामधूम चालली होती. सॅन फ्रान्सिस्कोचे अ‍ॅलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड 1973 पासून सांगत होते की खाद्यरंग, कृत्रिम स्वाद आणि काही फळं बंद करा, मूल शांत होईल. त्यांचं पुस्तक खपलं, घराघरांत डबे तपासले जाऊ लागले. काटेकोर चाचण्यांत मात्र फाइनगोल्ड यांचा दावा होता तितका मोठा परिणाम दिसेना. हा विषय जवळजवळ हास्यास्पद ठरला असतानाच 2007 साली इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठानं तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या सर्वसाधारण मुलांना रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेला रस देऊन पाहिला. कोणाला रंगीत रस, कोणाला साधा, हे आई-बापांना ठाऊक नव्हतं. चंचलपणा थोडासा, पण मोजता येईल इतका वाढला. 2010 च्या जुलैपासून युरोपात या प्रयोगातले सहा रंग असलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यांत टारट्राझिन आणि सनसेट यलो आहेत. साकोलीच्या आठवडी बाजारातल्या खायच्या पिवळ्या-नारिंगी नळ्या आठवून पाहा. साखरेचं मात्र उलट झालं. साखर खाल्ली की पोरं उधळतात ही जगभरच्या आयांची खात्री, पण 1995 साली सगळे प्रयोग एकत्र तोलले तेव्हा साखरेचा वागण्यावर परिणाम सापडला नाही.

आणि मग पुणे. 2006 साली मेदाम्लांवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लेखकांच्या नावांत जोशी, लाड, काळे, पटवर्धन, महाडिक, भावे, पंडित. मराठी घराच्या दारावरच्या पाट्या वाचाव्यात तशी ती यादी आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा, असं निदान झालेली 30 मुलं त्यांनी घेतली. त्यांना जवसाच्या तेलाचं इमल्शन दिलं. दर वेळी 200 मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल आणि बरोबर 25 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, दिवसातून दोनदा, तीन महिने. तुलनेला निरोगी मुलं होती. तीन महिन्यांनी मुलांच्या तांबड्या रक्तपेशींच्या पडद्यातली मेदाम्लं मोजली. ती वाढलेली होती. पालकांनी दिलेले चंचलपणाचे गुण खाली आले होते.

माशाच्या तेलावर जग प्रयोग करत असताना कोणीतरी जवस उचलला, याचं मला कौतुक वाटतं. शाकाहारी घरांत कॉड माशाचं तेल शिरत नाही, जवस शिरतो. पण आकडे जरा आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू. दिवसाला 400 मिलिग्रॅम आम्ल. जवसाच्या दाण्यात हे आम्ल साधारण पाचवा हिस्सा असतं. म्हणजे दोन ग्रॅम जवस, चहाचा चमचाही पुरता भरायचा नाही. भंडाऱ्याची आजी भाकरीच्या कडेला चिमूट-दोन चिमूट चटणी वाढायची, त्यात हे जवळपास येऊन जात असणार. इतक्या छोट्या मात्रेनं मूल बदलत असेल, तर जवस खाणारे सगळे तालुके शांत मुलांनी भरलेले असायला हवे होते!

प्रयोगातली फट तीच आहे जी पुढं साउदम्प्टननं बुजवली. पुण्याच्या मुलांना तेल मिळतंय हे आयांना माहीत होतं. आपलं मूल औषध घेतंय, मोठे डॉक्टर पाहताहेत, दर महिन्याला कोणी विचारपूस करतंय, हे कळल्यावर आईच्या डोळ्यांना मूल थोडं निवळलेलं दिसतंच. ती खोटं बोलत नसते, आशा माणसाच्या मोजमापात शिरते एवढंच. म्हणून खरी कसोटी ती, ज्यात निम्म्या मुलांना तेल, निम्म्यांना तेलासारखं दिसणारं दुसरं काही, आणि कोणाला काय ते शेवटपर्यंत गुपित. अशी कसोटी जवसातल्या याच आम्लाची 2014 साली इस्रायलमध्ये झाली. मात्रा पुण्यापेक्षा दुपटीहून जास्त, रोज एक ग्रॅम, आठ आठवडे. काहीही फरक पडला नाही. ओमेगा-3 च्या दहा प्रयोगांची, मिळून 699 मुलांची, एकत्र मांडणी 2011 साली झाली होती. तिथं परिणाम दिसला, पण लहान, आणि तोही ईपीएची मात्रा जास्त असेल तेव्हा. नेहमीच्या औषधांच्या मानानं फारच थोडा.

ब्राह्मीचंही असंच. मुंबईत उषा दवे आणि सहकाऱ्यांनी सहा ते बारा वर्षांच्या 31 मुलांना सहा महिने रोज 225 मिलिग्रॅम ब्राह्मीचा अर्क दिला. 2014 साली निष्कर्ष छापले, सुधारणा दिसली. पण तिथंही कोणाला काय दिलं ते उघडंच होतं. ब्राह्मी निरुपयोगी आहे असं यातून ठरत नाही. ती कामाची आहे असंही ठरत नाही. जाहिरातवाले मात्र दुसरं वाक्य गाळून पहिलंच छापतात.

मग खाण्याचा आणि लक्षाचा संबंध नाहीच का? आहे, आणि घट्ट आहे. फक्त तो बाटलीत शोधला जातो तिथं नाही. तो आहे मिठात, रक्तात, आणि दुपारच्या खिचडीत.

मिठाची गोष्ट हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात सुरू होते. 1956 पासून व्ही. रामलिंगस्वामींच्या गटानं त्या खोऱ्याचे तीन भाग करून दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ वाटलं आणि एका भागात साधं. गळ्याला गाठी असलेली माणसं जिथं घरोघरी होती, तिथं काही वर्षांत आयोडीनच्या भागात गलगंड झपाट्यानं उतरला. 1973 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हे छापून आलं, त्या लेखकांतही देव आणि करमरकर अशी दोन आपल्या ओळखीची आडनावं आहेत. गलगंड दिसतो, पण आयोडीनचं खरं काम पोटातल्या बाळाच्या मेंदूत असतं. थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनशिवाय बनत नाही आणि त्या संप्रेरकाशिवाय मेंदूची घडण पुरी होत नाही. 2004 साली सिसिलीतून एक छोटा पण चटका लावणारा अभ्यास आला. आयोडीन कमी असलेल्या डोंगराळ भागातल्या आयांच्या 16 मुलांवर बरीच वर्षं नजर ठेवली होती. त्यांतल्या 11 जणांना एडीएचडी निघाला. आयोडीन पुरेसं असलेल्या भागातल्या 11 मुलांपैकी एकालाही नाही. संख्या लहान आहे, तिच्यावर इमला बांधू नये. पण लक्ष न लागणं हे मूल जन्मायच्या आधीच ताटातून सुरू होऊ शकतं, ही शंका त्या अभ्यासानं पक्की केली.

भारतात 1962 पासून गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम होता. खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आली ती 1998 च्या मे महिन्यात. 2000 साली सरकारनं ती उठवली, 2005 च्या अधिसूचनेनं पुन्हा आणली आणि 17 मे 2006 पासून लागू केली. या बंदीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण उभं होतं? नागपूरचीच अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट. लाखोळीसाठी लढलेले तेच कोठारी. त्यांचं म्हणणं असं की ज्याला आयोडीनची गरज नाही त्याच्या घशाखाली ते कायद्यानं का घालता, आणि गावच्या मिठागराचं स्वस्त खडेमीठ गुन्हा का ठरवता? 4 जुलै 2011 रोजी निकाल लागला. न्यायालयानं सांगितलं, भेसळ रोखायच्या कायद्याखाली असा नियम करताच येत नाही. साधं मीठ म्हणजे भेसळ नव्हे. नियम रद्द, पण लोकांच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून सहा महिने तो चालू राहू दिला. तोवर नवा अन्नसुरक्षा कायदा आलाच होता, 5 ऑगस्ट 2011 पासून त्याचे नियम लागू झाले आणि तीच बंदी नव्या छत्राखाली कायम राहिली.

लाखोळीत मी कोठारींच्या बाजूनं आहे, मिठात नाही. लाखोळीची बंदी गरिबाच्या ताटातून काहीतरी काढून घेत होती आणि बदल्यात काही देत नव्हती. आयोडीन ताटात काहीतरी टाकतं, आणि तेही अशा आईच्या ताटात जिला आपल्याला काय कमी आहे हे कळायला कुठलाच मार्ग नसतो. मात्र न्यायालयात त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता, हेही खरं.

गावात आता आशाताई मीठ तपासायला येतात. चमचाभर मीठ ताटलीत घ्यायचं, हातानं जरा सपाट करायचं, छोट्या बाटलीतल्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ निळं-जांभळं होतं, रंग जितका गडद तितकं आयोडीन जास्त. लाखोळीच्या फुलासारखाच रंग. घरात पोहोचणाऱ्या मिठात ते दशलक्षात किमान 15 भाग असावं असा दंडक आहे. डबा उघडा चुलीजवळ राहिला की ते उडून जातं, म्हणून आशाताई झाकणाबद्दल कटकट करतात.

रक्ताची गोष्ट भंडाऱ्यासाठी जास्त जवळची. लोह कमी असलेलं मूल पुस्तकावर टिकत नाही, चिडतं, थकतं, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते ‘लक्ष न देणारं’ दिसतं. 2004 साली पॅरिसमधल्या डॉक्टरांनी 53 एडीएचडी मुलांच्या शरीरातला लोहाचा साठा तपासला. दहापैकी आठांहून अधिक मुलांत तो कमी होता. आपल्या शाळांत दर आठवड्याला मिळणाऱ्या गुलाबी आणि निळ्या गोळ्या याच कमतरतेवर आहेत. पण पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. तो असलेल्या मुलाचंही हिमोग्लोबिन कमी, तेही थकलेलं, त्याचंही लक्ष उडालेलं. पण कारण लोहाचा तुटवडा असेलच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या अशा मुलाच्या अंगात लोह उलट जास्त साठलेलं असू शकतं. त्याला दुकानातून आणलेलं लोहाचं टॉनिक पाजत राहणं म्हणजे भरलेल्या हंड्यात पाणी ओतणं, आणि ते पाणी यकृतात, हृदयात सांडतं.

खिचडीबद्दल थोडक्यात. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची शालेय पोषण योजना सुरू झाली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो कच्चे तांदूळ घरी मिळायचे. पोतं घरी जायचं, पोराच्या पोटात किती जायचं ते त्या पोरालाच ठाऊक. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्न द्या असा हुकूम दिला आणि शाळेच्या आवारात चूल पेटली. तिसऱ्या तासाला फळ्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या धुराकडे बघणारं मूल मास्तरांनी पाहिलेलं असतं. त्याच्या वहीवर ‘लक्ष नाही’ असा शेरा पडायचा. लक्ष होतं, फक्त ते धुराकडे होतं.

ज्यांना खरोखर एडीएचडी आहे अशी मुलं भंडाऱ्यात आहेत, पुण्यात आहेत, सगळीकडे आहेत. 1902 साली लंडनच्या जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन केलं तेव्हापासून त्यांना वाईट वळणाचं, आळशी, मस्तवाल ठरवणं चालूच आहे. त्यांना निदान लागतं, वागणुकीची शिकवण लागते, काहींना औषध लागतं. जवसाच्या चटणीनं ते काम होणार नाही. चटणी चवीसाठी जरूर खा.

पोराचं लक्ष लागत नाही म्हणून दुकानातून ब्राह्मीची, ओमेगाची, लोहाची बाटली आणायच्या आधी एकदा बालरोगतज्ज्ञाला दाखवा. हिमोग्लोबिन करून घ्या, नजर आणि कान तपासा, झोप किती होते ते सांगा. आणि भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या भागात राहत असाल तर सिकलसेलची चाचणी केल्याशिवाय लोहाची एकही जादा गोळी देऊ नका. बोटाला सुई टोचून रक्ताच्या एका थेंबावर ती होते, आणि सरकारी दवाखान्यात तिचे पैसे लागत नाहीत.